मुलाच्या दप्तरात ‘हर्बल’ गोळ्यांची डबी सापडली. तो म्हणतो, नैसर्गिक आहे, नशा नाही. ही पुढच्या व्यसनांची सुरुवात असू शकते का?

मी फार्मासिस्ट आहे. ‘हर्बल आहे, त्याने काय होणार’ हे मी मुलांपेक्षा पालकांच्याच तोंडून जास्त ऐकतो. त्यामुळे मुलाने तसं म्हटलं तर तो खोटंच बोलतोय असं समजू नका. त्याला खरंच तसं वाटत असेल.

डबीत काय आहे यावर बरंच अवलंबून आहे. झोपेसाठी घेतलेली व्हॅलेरियन ही वनस्पती वेगळी आणि क्रॅटम या झाडाचा पाला वेगळा. क्रॅटमच्या पानांतलं मित्रागायनिन शरीरात मॉर्फिनच्याच जागी जाऊन बसतं आणि त्याची सवय लागते. 1990 च्या दशकात ‘हर्बल एक्स्टसी’ नावाच्या गोळ्या तरुणांना विकल्या जायच्या. त्यात एफेड्रा या झुडपातलं एफेड्रिन असायचं, बहुतेकदा कॅफीनच्या जोडीने. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू अशा नोंदी होत गेल्या आणि शेवटी 2004 मध्ये अमेरिकेने एफेड्रिन असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. धोतरा तर पूर्ण नैसर्गिक आहे. त्यातल्या विषाचं प्रमाण झाडागणिक बदलतं, त्यामुळे बेताने घेण्याचा प्रश्नच येत नाही.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे ‘स्पाइस’ किंवा ‘के टू’ नावाची पाकिटं. आत दिसतो सुका पाला, पण नशा पाल्याची नसतेच. त्यावर प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं फवारलेली असतात. मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर (रसायन जिथे जाऊन बसतं त्या जागेवर) गांजा अर्धवट काम करतो, तिथेच यातली बरीचशी पूर्ण ताकदीने काम करतात. म्हणून फिट येणं, भास होणं, जिवाच्या आकांताने घाबरणं हे यात जास्त दिसतं. गांजासाठीच्या नेहमीच्या लघवीच्या तपासणीत ती सापडतही नाहीत. काही मुलं याच कारणासाठी ती निवडतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या एका सर्वेक्षणावर 2006 मध्ये निबंध आला होता. हर्बल उत्पादनं वापरलेल्या मुलांमध्ये सिगारेट, दारू, गांजा, अगदी कोकेनचाही वापर जास्त आढळला. पण अशी प्रश्नावली एकदाच भरून घेतलेली असते; आधी काय सुरू झालं हे त्यातून कळत नाही. मला स्वतःला ‘ही पहिली पायरी, ती दुसरी’ हे चित्र पटत नाही. झोप येत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, अंग भरत नाही, चारचौघांत बुजल्यासारखं होतं, यातलं काहीतरी मुलाला छळत असतं आणि त्यावर तो हाताला लागेल ते करून बघतो. गोळी काढून घेतली तरी ते कारण तसंच राहतं. म्हणून ‘हे का घेतलंस’ असं दरडावण्यापेक्षा ‘याने तुला काय बरं वाटतं’ असं विचारा. उत्तर लगेच मिळणार नाही.

मला पुढच्या व्यसनापेक्षा आजच्या सरमिसळीची काळजी जास्त वाटते. दारूबरोबर व्हॅलेरियन घेतली तर गुंगी वाढते. कावा (मन शांत करायला घेतलं जाणारं एक मूळ) आणि दारू दोन्हींचा भार यकृतावर पडतो. ग्वाराना या वनस्पतीच्या बियांत कॅफीन असतं. त्यामुळे दारू किती चढली आहे हे जाणवत नाही, म्हणून मुलं आणखी पितात. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर घेतल्यास सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. याच वनस्पतीने गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होतो (मुलीच्या आईवडिलांनी हे वाचलंत तर लक्षात ठेवा).

आणि डॉक्टर ‘कुठली औषधं घेतोस का’ असं विचारतात तेव्हा मुलगा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी ही औषधंच नसतात. तेव्हा डबी घेऊनच जा, पावडर, चहा, व्हेप सगळ्याबद्दल वेगवेगळं विचारायला सांगा, आणि थोडा वेळ तुम्ही खोलीबाहेर थांबा. तुमच्यासमोर तो दारूचं नाव काढणार नाही.

छातीत दुखणं, फिट, असंबद्ध बडबड, जागं न होणं यातलं काही दिसलं तर मात्र चौकशी करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि डबी क्रॅटमची निघाली, तो ते रोज घेत असेल, तर रागाच्या भरात ती फेकून देऊ नका. एकदम बंद केल्यावर अंगदुखी, नाक गळणं, चिडचिड, रात्रभर जागरण सुरू होतं आणि मुलगा पुन्हा तेच शोधायला निघतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत आणावं लागतं.