मक्ता कोणी दिला ते आधी सांगा

भाचीचा मेसेज आला, ती इथेच इंदूरला बीकॉम करतेय. "मामा, मोनोपॉलीला मराठीत मक्तेदारी म्हणायचं की एकाधिकार? आणि दोनच कंपन्या असतील तर त्याला काय म्हणतात?" प्रश्न साधा आहे पण मला त्यावर लिहायचंच होतं, कारण गेले काही महिने 'मक्तेदारी' हा शब्द जिथे तिथे ऐकतोय आणि दर वेळी चुकीचा. परवा एका कार्यक्रमात एक गृहस्थ माईकवर म्हणाले, "पोह्यांवर आम्हा इंदूरवाल्यांची मक्तेदारी आहे." अहो कसली मक्तेदारी? राजवाड्यापासून छप्पन दुकानपर्यंत चालत जा, दर पन्नास पावलांवर पोह्याचा ठेला, कोणीही उद्या सकाळी कढई मांडून बसावं, कोणी अडवत नाही. ही उघडी स्पर्धा आहे, मक्तेदारीच्या अगदी उलट. कौतुक करायचंय तर कौतुकाचे शब्द वापरा ना.

मक्तेदारीचा रोजचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, तो सांगत बसत नाही. मूळ मक्ता. आणि कृपा करून हे 'मुक्त' वरून आलंय असं सांगू नका. आमच्या ओळखीतले एक व्युत्पत्तीवाले फार ठासून सांगतात की मुक्तपणे व्यापार करायची परवानगी म्हणून मुक्ता आणि त्याचा मक्ता. अर्थ बरोबर उलटा आहे! एकाला परवानगी आणि बाकीच्यांना मनाई, याला मुक्त कोण म्हणेल?

शब्द अरबी आहे. क़-त-अ हा धातू, अर्थ कापणे, तोडणे. आपल्या 'काटणे'शी संबंध नाही हं, ते संस्कृतातल्या कृत् वरून, दोन्हीकडे क आणि त दिसले की लोक लगेच नातं जोडतात. तर या क़-त-अ ची पोरं आपल्या घरात किती आहेत बघा. इंदुरात आपण सगळे हिंदीच्या संगतीने "कतई नाही" म्हणतो, ते कतई म्हणजे कापून टाकल्यासारखं, पक्कं. सुलतानांच्या काळात सरदाराला महसूल तोडून द्यायचे तो इक्ता. लहानपणी गिरवला तो कित्ता, माझ्या मते तोही इथलाच, क़ित्अ म्हणजे तुकडा, लिखाणाचा नमुना म्हणून दिलेला तुकडा. आणि मला सगळ्यात आवडतो तो गझलेचा मक्ता! ज्यात कवी आपलं नाव गुंफतो तो शेवटचा शेर, जिथे गझल तोडली जाते ती जागा. गझलेच्या मैफलीत जो मक्ता ऐकून आपण वाहवा करतो आणि अर्थशास्त्राच्या पेपरात जी मक्तेदारी लिहितो ते एकाच धातूचे शब्द आहेत, हे कळलं त्या रात्री मी किती जणांना फोन केले विचारू नका.

आता कापण्याचा आणि व्यापाराचा काय संबंध? आपण आजही 'भाव तोडला' म्हणतो ना, तोच. सरकारने एक रक्कम तोडून ठरवायची, एवढे भर आणि या गावचा महसूल किंवा या मालाची विक्री तुझी, वर काय कमावशील ते तुझं. हा मक्ता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती, म्हणजे एकेका भागाच्या वसुलीचे अधिकार, अशाच जास्त बोली लावणाऱ्याला दिल्या जायच्या आणि मग तो रयतेला पिळून वसूल करायचा. म्हणजे मक्त्याला देणारा लागतो. इंग्रजी मोनोपॉली ग्रीकमधून आलाय, मोनोस म्हणजे एकटा आणि पोलेइन म्हणजे विकणे, त्यात फक्त विकणारा दिसतो. आपल्या शब्दात देणारासुद्धा दिसतो. म्हणून माझं म्हणणं असं की कोणी मक्तेदारी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, मक्ता दिला कोणी?

याला आपल्या माळव्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. १७७३ मध्ये बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने तिथली अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात घेतली आणि सुरुवातीला तिचं काम चक्क कंत्राटाने दिलं, म्हणजे शब्दशः मक्ता. पण इथे होळकर शिंद्यांच्या मुलखात कंपनीचा हुकूम चालेना. इंदूर उज्जैनचे सावकार शेतकऱ्याला आगाऊ पैसे द्यायचे, माल घ्यायचे आणि कधी पोर्तुगीजांच्या दमणहून तर कधी कराचीमार्गे चीनला धाडायचे. कंपनीने आधी स्वतःच माळव्याची अफू विकत घेऊन पाहिली, संस्थानिकांशी करार करून पाहिले, काही जमलं नाही. शेवटी १८३० च्या सुमारास नाद सोडला आणि मुंबईतून माल न्यायचा तर पास घ्या, फी भरा असं केलं, आणि स्पर्धेला तोंड द्यायला बंगालात पीक वाढवलं, भाव पडले. पुढे १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि मग पासाची फी चढवत नेली. अफूचा धंदा काही अभिमानाचा नाही, चीनमधल्या लोकांचं त्यात वाटोळं झालं. पण बंगालात मक्तेदारी आणि माळव्यात स्पर्धा, एकाच मालाची, एकाच वेळी, हे ज्या शहरात घडलं तिथल्या माणसाने तरी हा शब्द जपून वापरावा.

आता एकाधिकार. शुद्धिवादी मंडळींना मक्ता परका वाटतो म्हणून हा संस्कृत शब्द पुढे करतात. परक्या शब्दाची एवढी लाज? रोमच्या टायबेरियस बादशहाने सिनेटमध्ये मोनोपोलियम म्हणायच्या आधी परका शब्द वापरतोय म्हणून माफी मागितली होती असं त्याचा रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो, आणि बघा, माफी विरली, शब्द टिकला. माझी तक्रार वेगळीच आहे. एकाधिकारात विकणारा की घेणारा हेच कळत नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, तिथे सरकार एकटं घेणारं होतं, विकणारे लाखो शेतकरी. ही मोनोपॉली नाहीच, ही मोनोप्सनी. (आणि भाव पटला नाही की तो कापूस गुपचूप सीमा ओलांडून आमच्या मध्य प्रदेशात नाहीतर गुजरातेत यायचा, ते असो.)

मोनोप्सनी हा शब्द अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये आणला, केंब्रिजमधल्या ग्रीकच्या एका जाणकाराने सुचवलेला. त्यातलं ऑप्सॉन म्हणजे काय माहितीये? भाकरीबरोबर खायचं ते, म्हणजे आपलं तोंडीलावणं! पुढे मासळीला तो शब्द चिकटला, ऑप्सोनेइन म्हणजे बाजारात जाऊन तोंडीलावणं विकत घेणं. इंग्रजीत याला नेमका एक शब्द सापडत नाही, मराठीत मात्र तोंडीलावणं, कोरड्यास, कालवण असे तीन तीन तयार.

भाचीचं राहिलंच. पेपरात पुस्तकात आहे तेच लिही बाई, मार्क त्यालाच. तुझ्या पुस्तकात एकट्याला मक्तेदारी, थोड्यांना अल्पाधिकार आणि पुन्हा विकणारे पुष्कळ पण प्रत्येकाचा माल थोडा वेगळा असेल तर 'मक्तेदारीयुक्त स्पर्धा' असा सगळा खिचडा आहे, त्याच वळणावर दोघांना द्वयाधिकार. बोलताना मात्र 'दोघांची मक्तेदारी' म्हणू नकोस, कानाला टोचतं, सरळ 'बाजार दोघांच्या हातात आहे' म्हण. आणि कंपनी नुसती मोठी असेल तर ते वर्चस्व, २००२ चा स्पर्धा कायदासुद्धा मोठं असण्याला गुन्हा म्हणत नाही, त्या ताकदीचा गैरवापर केला तर पकडतो.

आणि हो, तोंडीलावण्याला बुंदेलखंडाकडे लगावन म्हणतात, तेच 'लावणं' तिथेही आहे. माळवीत काय म्हणतात ते कोणाच्या आजीला ठाऊक असेल तर विचारून मला नक्की कळवा.