मुख्याध्यापकांना सल्ला द्यायचाय, पण आधी शाळेचा भार तरी उचलू दे

प्रश्न : मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. मुलगी 37 वर्षांची, एम.एस्सी., बी.एड. 2011 साली अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागली, पुढे कायम झाली. गणित शिकवते. गेली दोन वर्षे सहकाऱ्यांचे तास बघणे, त्यांच्याबरोबर बसून पाठ आखणे हे ती फार आवडीने करते. आता पुण्यातली एक संस्था तिला 'शाळा नेतृत्व सल्लागार' म्हणून दोन वर्षांचा करार देते आहे. ती राजीनामा द्यायचा म्हणते. मुख्याध्यापकांना शिकवायचे हिला पैसे कोण देणार आणि किती दिवस? हातची पेन्शनही जाईल. तिला तुम्ही समजवा. – एक पालक, सातारा जिल्हा

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचले. ज्या कामाबद्दल तुम्हाला धास्ती वाटते, ते तुम्ही स्वतः केलेले आहे. केंद्रातल्या शाळांमध्ये जायचे, मुख्याध्यापकांजवळ बसायचे, दर महिन्याला शिक्षण परिषद घ्यायची. तुमच्या वाट्याला माहितीचे तक्ते गोळा करणे जास्त आले असेल आणि वर्गात मागच्या बाकावर बसायला वेळ कमी मिळाला असेल. मुलीला नेमके तेच राहून गेलेले काम करायचे आहे. तेव्हा तिचे वेड कुठून आले हे घरात कोणाला विचारायला नको.

पैसे कोण देते, ते आधी सांगते. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत काम करणाऱ्या बऱ्याच संस्थांचे पगार या पैशावर चालतात. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे विनाअनुदानित इंग्रजी शाळा आणि चार-पाच शाळा चालवणाऱ्या शिक्षण संस्था. त्या थेट मानधन देतात, त्यातून 10 टक्के टीडीएस कापला जातो, आणि मे महिन्यात सहसा काम नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान 50 तासांचे प्रशिक्षण सुचवले आहे, त्यामुळे मागणी आहे. पण कंपनीच्या निधीवरचा प्रकल्प संपला की नोकरीही संपते. तुमची ती भीती रास्त आहे.

पेन्शनचा मुद्दा मात्र तुम्ही तुमच्या चष्म्यातून बघता आहात. तुमची पेन्शन जुनी. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना ती आपोआप नाही. मुलगी अंशदान योजनेत आहे, म्हणजे पगारातून कापलेली आणि शासनाने घातलेली रक्कम तिच्या खात्यात साठते. आज सेवा सोडली तर तिच्या खात्यातले काय हाती येईल आणि काय अडकून राहील, हे शाळेच्या लिपिकांकडून आणि वेतन पथकाकडून (शाळांचे पगार काढणारे सरकारी कार्यालय) लेखी घ्या. घरातला निम्मा वाद त्या कागदाने मिटेल.

आता खरा प्रश्न. ती या कामाला तयार आहे का? माझे मत : अजून नाही.

मी सात वर्षे मुख्याध्यापिका होते. आमच्या संस्थेने एकदा सल्लागार बोलावले. दोन दिवस शाळा पाहून त्यांनी जाडजूड अहवाल दिला. 'शिक्षकांना एकत्र नियोजनासाठी वेळ द्यावा' हे त्यातले पहिलेच वाक्य होते. त्या वर्षी माझ्याकडे तीन जागा रिक्त होत्या, संचमान्यतेचा, म्हणजे पटसंख्येवरून किती शिक्षक मंजूर याचा, घोळ चालू होता, 'शालार्थ' या ऑनलाइन पगार प्रणालीत एका शिक्षकाचा पगार अडकला होता. वेळ आणायचा कुठून? अहवाल कपाटात गेला. पुढच्या वर्षी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी वेळापत्रक मागितले आणि एक पेन्सिल. तासाभराने म्हणाल्या, गुरुवारी पाचव्या तासाला तुमचे गणिताचे दोघेही मोकळे होऊ शकतात, फक्त चित्रकलेचा तास शुक्रवारी न्या. दुसऱ्या आठवड्यात ते दोघे एकत्र बसलेही. त्या बाईंनी स्वतः वीस वर्षे वेळापत्रके लावली होती. मला जे हवे होते ते हेच होते, आणि ते कुठल्या पदविकेतून आले नव्हते.

तुमच्या मुलीला शिक्षक कळतात, ही मोठी जमेची बाजू आहे. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलांच्या शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम अशा मुख्याध्यापकांचा दिसला, जे शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होतात. नुसती परवानगी देऊन जे थांबत नाहीत, सोबत बसतात. ती आज तेच करते आहे. पण कार्यालयातली खुर्ची तिने आतून पाहिलेली नाही. तास पाहून लॉगबुकात शेरा लिहिल्यावर दुखावलेला ज्येष्ठ शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत चिडलेले पालक, संस्थाचालकाचा फोन : हे अंगावर घेतल्याशिवाय समोरच्या मुख्याध्यापकाला ती काय सांगणार? ते ऐकून घेतील, चहा पाजतील आणि निरोप देतील.

म्हणून यंदा राजीनामा नको. सेवाज्येष्ठतेमुळे पर्यवेक्षकपद लगेच मिळणार नाही हे मला माहीत आहे. पद नसले तरी काम मागता येते. वेळापत्रक आणि परीक्षा विभाग तिने पुढच्या जूनपासून स्वतःकडे घ्यावा, शाळेचे स्वयंमूल्यमापनही. 'शाळासिद्धी' या शाळांच्या स्वयंमूल्यमापनाच्या आराखड्यातली सात क्षेत्रे एकदा प्रामाणिकपणे, शेजारच्या शाळेची नक्कल न करता भरून पाहिली, तर शाळा कुठे गळते ते दिसते. जोडीला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका करावी. दिल्लीच्या नीपा संस्थेतले राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्रही मुख्याध्यापकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते, तोही पाहावा. प्रमाणपत्राने दार उघडते, म्हणून ते घ्यायचे.

आणि शनिवार. शाळा सकाळची असते, दुपार मोकळी. जवळच्या तीन शाळा निवडून त्यांच्या मुख्याध्यापकांबरोबर वर्षभर काम करावे, संस्थेची लेखी परवानगी घेऊन आणि मानधन न घेता. नाहीतर सेवाशर्तींचा बखेडा उभा राहायचा. वर्षाअखेर या तिघांपैकी एकाने जरी 'बाई, पुढच्या वर्षीही या' असे आपणहून म्हटले, तर तिने जरूर बाहेर पडावे. तेव्हा तुम्ही आडवे येऊ नका, ही माझी विनंती आहे. कोणीच म्हटले नाही, तर का नाही ते तिला त्या तिघांच्याच तोंडून ऐकता येईल.

पुण्याच्या संस्थेला तिने चार गोष्टी विचाराव्यात. एका सल्लागाराकडे किती शाळा? महिन्यातले किती दिवस शाळेत आणि किती अहवाल लिहिण्यात? दोन वर्षांनंतरचा निधी कोणाचा? आणि प्रकल्पातल्या दोन मुख्याध्यापकांशी मला बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर करार कितीही चांगला असो, सोडून द्यावा. उत्तरे चोख मिळाली आणि ते वर्षभर थांबायला तयार नसले, तर असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजेसाठी आपल्या शाळेच्या संस्थेकडे अर्ज करून पाहावा. रजा नाकारली, तर करार जाऊ द्यावा. या क्षेत्रात माणसे कमीच आहेत, दुसरा येईल.

तुम्ही 'तिला समजवा' लिहिलेत. ते मी करणार नाही, कारण हे उत्तर तिनेही वाचावे आणि पटत नसेल तर मला स्वतः लिहावे. तुमच्याकडे मात्र माझे एक काम आहे. तुमच्या जुन्या केंद्रातले मुख्याध्यापक अजून तुमचा शब्द मानत असतील. त्यांच्यापैकी खरोखर अडचणीत असलेल्या तीन शाळा तिला सुचवा, आणि पहिल्या शनिवारी सोबत जा. ओळख करून देऊन झाली की तुम्ही मात्र बाहेर थांबा.