वाचकांचे प्रश्न : पियानोतला रेंगाळणारा नाद

प्रश्न : आजोबांचा उभा पियानो बेळगावात कॅम्पातल्या घरी आहे. मधली एक पट्टी सोडली तरी ‘टींऽ’ असा नाद मागे राहतो. काय करू?

उत्तर : ताई, आधी वरच्या फोटोफ्रेमा उतरवा. खानापुरात मी दोन तास तारा चाचपल्या. वाजत होती कपाटाची काच! नाद उरलाच तर झाकण उघडा, पट्टी वाजवून सोडा, शेजारच्या तारा एकेक बोटाने दाबा. जिथे नाद मरेल, तीच चोर. तिचा डॅम्पर, म्हणजे तारेवर टेकून नाद थांबवणारी नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) गादी, बघा. आपल्या पावसाळी दमटपणात त्याचा दांडा जाम होतो. गादी नीट टेकत असेल, तर घोडीपलीकडच्या, म्हणजे तारा ज्या लाकडी आधारावर टेकतात त्याच्या पुढच्या, तारांच्या तुकड्यांत नमद्याची फीत ओवा. अगदी वरच्या वीसेक पट्ट्यांना डॅम्पर नसतोच, तिथला नाद दोष नव्हे. आणि तेल? थेंबभरही नको!