भटकंतीचं टपाल : गंगेच्या काठाकाठानं नाशिक

प्रश्न : ताई, डिसेंबरच्या शेवटी आम्ही सोलापूरहून दोन दिवसांसाठी नाशिकला येतोय. बरोबर आठ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. जो तो त्र्यंबक, वणी, शिर्डी एवढंच सांगतो. सासूबाईंचं देवदर्शन व्हावं आणि लेकीला मोकळ्यावर काहीतरी बघायला मिळावं, असं काय करता येईल?

उत्तर : नाताळच्या सुट्टीत ही तिन्ही ठिकाणं दोन दिवसांत कोंबलीत, तर लेकीला दिसतील फक्त रांगेतल्या माणसांच्या पाठी. त्यापेक्षा गोदावरीला धरून राहा.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता गंगेवर या (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो). रामकुंडाच्या आसपास वाट बरीचशी सपाट आहे, सासूबाईंना हळूहळू चालता येईल. घाट ओला असतो, हात मात्र धरा. तिथेच दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात आम्ही पंचवटीकर पूर मोजतो तो त्याच्यावरून : पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. २०१९ च्या पुरात तो बुडाला होता. लेकीला त्याच्या पायाशी उभं करून वर डोक्याकडे बघायला सांगा, नदी केवढी होते ते तिला लगेच कळेल. जवळच नारोशंकराचं देऊळ आहे. त्याच्या तटावरची मोठी घंटा वसईच्या मोहिमेतून आणलेली, पोर्तुगीजांची. तिच्यावर १७२१ साल आहे. मग काळाराम. दर्शन झालं की १९३० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह झाला होता, हे मुलीला जरूर सांगा. या वयातल्या मुलांना न्याय-अन्याय चांगला कळतो. सीतागुंफेत मात्र वाकून, सरपटत जावं लागतं. सासूबाईंना बाहेरच बसू द्या.

दुसरा अख्खा दिवस नांदूरमधमेश्वरसाठी ठेवा. माझा जीव या जागेवर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा मिळतात, तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. साठवणुकीच्या दृष्टीनं हे नुकसानच, पण पक्ष्यांना असंच पाणी लागतं. जानेवारी २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली.

चापडगावच्या बाजूनं जा. तिथे निरीक्षण मनोरे आहेत, आणि दुर्बिणी घेऊन वाट दाखवणारी गावातली मुलंही भेटतात. पैसे वाचवायला म्हणून त्यांना टाळू नका. कुठल्या बेटावर काय उतरलंय हे त्यांना रोजचं ठाऊक असतं. बहुतेक जण आल्या आल्या ‘रोहित (फ्लेमिंगो) कुठेत?’ विचारतात आणि ते दिसले नाहीत की हिरमुसतात. तुम्ही लेकीला आधी चमचा, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचा पक्षी, दाखवा. चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवत तो खातो, ते बघताना मुलं हटत नाहीत. मग काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी, जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक. क्रौंचांचा थवा डोक्यावरून गेला तर बोलणं थांबवून त्यांचा आवाज ऐका.

निफाडची थंडी हलकी समजू नका. डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, बागाईतदार द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात. सासूबाईंना शाल आणि कानटोपी हवीच. कपडे मळखाऊ रंगाचे घाला. डबा बरोबर घ्या आणि कचरा परत घेऊन जा. मनोरा चढवत नसेल तर सासूबाईंना खालीच खुर्ची टाकून द्या, काठावरूनही पुष्कळ दिसतं.

प्रश्न : आम्ही पुण्याचे सहा कॉलेजमित्र जुलैत येतोय. सोमेश्वर आणि दुगारवाडीच्या धबधब्यांत भिजायचंय. कोणते दिवस बरे?

उत्तर : भिजायला दोन्ही जागा नकोत, हे आधीच सांगते. सोमेश्वरचा धबधबा गंगापूर धरणाच्या खाली आहे. धरण भरलेलं नसेल तर तो बारीक असतो, आणि विसर्ग सुरू झाला की तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी पाणी चढतं. निघण्याआधी विसर्गाची बातमी बघा, आणि धबधबा काठावरूनच पाहा.

त्र्यंबक-जव्हार रस्त्यावरच्या दुगारवाडीला जाताना ओढा ओलांडावा लागतो. वर डोंगरात सर आली की परतीची वाट बंद. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे पर्यटक असेच अडकले, रात्री त्यांना बाहेर काढावं लागलं. तुमच्या आयांना तसा फोन जायला नको.

पाय मोकळे करायचेत ना? मग आशेवाडीहून रामशेज चढा. छोटासा दिसणारा हा किल्ला औरंगजेबाच्या फौजेनं वर्षानुवर्षं वेढूनही झुंजत राहिला होता, आणि वर गेल्यावर त्याचं कारण दिसतं : चहूबाजूंनी उघडा मुलूख, लपून यायला जागाच नाही. बेत पुढे ढकलता आला तर सप्टेंबरात अंजनेरीला या. पठारावर फुलं असतात, त्यात अंजनेरीचंच नाव मिळालेली दुर्मीळ कंदीलपुष्पाची जातही आहे. पायवाट सोडू नका, फोटोसाठी गवतात लोळू नका. ती रोपं बोटभर असतात आणि बुटाखाली सहज जातात.