वाचकांचे प्रश्न : थँक्सगिव्हिंगच्या सकाळची धाव

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे अमेरिकेत थँक्सगिव्हिंग. दुपारी जेवणाचा मोठा बेत आणि त्याआधी, सकाळी, गावोगावी ‘टर्की ट्रॉट’ (टर्की म्हणजे त्या दिवशीच्या जेवणातला पक्षी) नावाने ओळखल्या जाणाऱ्या धावशर्यती. अंतर बहुधा ५ ते ८ किलोमीटर. धावणाऱ्यांत मुरलेले खेळाडू असतात आणि वर्षातून एकदाच बूट बाहेर काढणारेही. तिकडच्या मराठी वाचकांनी याबद्दल विचारलेल्या प्रश्नांसाठी या वेळची सगळी जागा दिली आहे.

आम्ही जुलैत बफेलोला राहायला आलो. ऑफिसातल्या मंडळींबरोबर मीही ८ किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवलंय. सध्या ट्रेडमिलवर सलग ३ किलोमीटर धावतो. पाच आठवडे उरलेत. जमेल का? (वय ४१)

जमेल. ज्या शर्यतीत उतरताय ती साधीसुधी नाही, एवढं मात्र माहीत असू द्या. बफेलोची ही शर्यत १८९६ सालची, म्हणजे बॉस्टन मॅरेथॉनपेक्षाही काही महिन्यांनी थोरली. पहिल्या वर्षी धावणारे फक्त सहा होते.

आठवड्यातून तीनदाच धावा. मंगळवारी आणि गुरुवारी २५ ते ३० मिनिटं, गप्पा मारता येतील इतक्या संथ वेगाने. रविवारी लांब धाव : पाच रविवारी अनुक्रमे ४, ५, ६, ७ आणि पुन्हा ४ किलोमीटर. शेवटचा रविवार मुद्दाम कमी ठेवलाय, कारण शर्यत त्यानंतर चारच दिवसांनी आहे. त्या आठवड्यात मंगळवारी वीस मिनिटं पुरेत. सलग धावताना दम लागत असेल तर चार मिनिटं धाव आणि एक मिनिट झपझप चाल असं पहिल्या मिनिटापासून ठेवा. दमल्यावर चालायचं आणि ठरवून चालायचं यात फार फरक आहे. ठरवून चालणारा माणूस शेवटचे दोन किलोमीटर नीट धावतो.

रविवारची धाव रस्त्यावरच करा. ट्रेडमिलवर वारा नसतो, पट्टा किंचित दबतो आणि प्रत्येक पाऊल आधीच्यासारखंच पडतं. डांबरी रस्त्यावर पोटऱ्या आणि नडगीचे स्नायू पहिल्या आठवड्यात बोलायला लागतात. धाव संपल्यावर पसरट दुखलं तर चालेल. नडगीच्या हाडावर एकाच बिंदूवर दाबून कळ येत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. नवे बूट घ्यायचे असतील तर आत्ताच घ्या. शर्यतीपूर्वी त्यांच्यावर तीस-चाळीस किलोमीटर व्हायला हवेत.

ही शर्यत डेलावेअर अ‍ॅव्हेन्यूवरून उत्तरेकडून डाउनटाउनकडे जाते. सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. नवखे गाडी सुरुवातीजवळ लावतात आणि मग घामेजलेल्या कपड्यांत आठ किलोमीटर मागे जायची पाळी येते. गाडी शेवटाकडे लावा आणि सुरुवातीला कसं पोहोचायचं ते आदल्या दिवशी पक्कं करा.

दिवाळीचा हिशोब मात्र वर्षागणिक बदलतो. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आणि थँक्सगिव्हिंग २३ ला होतं, मधे जेमतेम अकरा दिवस. अशा वर्षी सराव दिवाळीआधीच सुरू करावा लागतो. फराळाच्या चार दिवसांत खंड पडणारच हे धरून चाला.

मी न्यू जर्सीत राहते. थंडीत बाहेर धावायचं म्हणजे नक्की किती कपडे? गेल्या वर्षी जाड स्वेटशर्ट घातला आणि अर्ध्यात अंगाची भट्टी झाली, थांबल्यावर हुडहुडी भरली.

स्वेटशर्ट सुती असणार. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं; धावताना तो गरम वाटतो, थांबलात की ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. कपडे निवडताना तापमान आहे त्यापेक्षा ८ ते १० अंशांनी जास्त आहे असं समजा. ५ अंश सेल्सिअस असेल तर पॉलिएस्टरचा एकच पातळ पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, टाइट्स आणि पातळ हातमोजे. शून्याच्या आसपास त्यावर आणखी एक पातळ थर आणि कान झाकणारी पट्टी. उणे ५ ला वारा अडवणारं बिनबाह्यांचं जाकीट. सुरुवातीच्या रेषेवर थोडं कुडकुडायला होत असेल तर कपडे बरोबर आहेत. आधीच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झाला.

रेषेवर वीस-पंचवीस मिनिटं उभं राहावं लागतं, त्यासाठी टाकून देण्याजोगा जुना स्वेटर अंगावर ठेवा आणि निघताना काढा. काही ठिकाणी असे कपडे गोळा करून दान केले जातात. रस्त्याच्या मधोमध मात्र टाकू नका, मागच्याच्या पायात येतो.

कपड्यांशी जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे बिब, म्हणजे अंगावर लावायचा धावणाऱ्याच्या क्रमांकाचा कागद. वेळ मोजणारी चिप बहुधा त्याच्याच पाठीला चिकटवलेली असते. ज्या थरावर बिब लावाल तो काढायचा नाही आणि झाकायचाही नाही. बिब समोर, पोटावर, चारही कोपऱ्यांना पिना लावून ठेवा. त्याची घडी घालू नका आणि पाठीवर किंवा कमरेच्या बाजूला लावू नका, कारण शरीरातलं पाणी चिपचा संदेश अडवतं आणि निकालात नावच येत नाही. थर काढायची शक्यता असेल तर बिब मांडीवर लावा किंवा बिबचा पट्टा वापरा.

शर्यत संपल्यावर दहा मिनिटांच्या आत अंगातला ओला टीशर्ट बदला. कोरडे कपडे गाडीत नकोत, शेवटाच्या रेषेपाशी थांबलेल्या घरच्या माणसाकडे द्या.

मँचेस्टर (कनेटिकट) इथल्या शर्यतीत दोन वर्षं धावलो. दोन्ही वेळा दुसऱ्या मैलाच्या चढावर चालायची वेळ आली. चढाचा सराव कमी पडतो का?

थोडासा. खरी चूक चढाच्या आधीच होते. या शर्यतीचं अंतर ४.७४८ मैल, म्हणजे सुमारे ७.६ किलोमीटर, ती पहिल्यांदा १९२७ मध्ये झाली आणि तिथल्या हायलंड स्ट्रीटच्या चढाला घाबरून लोक आधीच वेळ ‘वाचवायला’ जातात. पहिल्या मैलावर दुतर्फा माणसं, बँड, आरडाओरडा, शेजारून सुसाट सुटलेली शाळकरी पोरं. मैलामागे अर्धं-पाऊण मिनिट जोरात धावल्याचं कळतही नाही. मग चढ लागतो तेव्हा पाय आधीच जड झालेले असतात.

समजा तुम्हाला ४८ मिनिटांत संपवायचंय, म्हणजे सरासरी मैलाला दहा मिनिटं आणि वर थोडे सेकंद. पहिला मैल १० मिनिटांत. तो मुद्दाम धरून धावल्यासारखा वाटला पाहिजे. दुसरा, चढाचा, ११:१० पर्यंत जाऊ द्या. घड्याळाकडे न बघता श्वास सारखा ठेवा, पावलं लहान करा, नजर पायांपासून दहा-पंधरा फुटांवर. चढानंतरच्या उतारावर तिसरा मैल ९:३५ ला सहज येतो. उरलेला पावणेदोन मैलांचा तुकडा मैलाला ९:५० ने. बेरीज ४८ च्या आतच येते. उतारावर टाचा रोवून ब्रेक लावू नका, मांड्यांचे पुढचे स्नायू त्यानेच भरून येतात. किंचित पुढे झुकून पावलं भराभर टाका.

चढाच्या सरावाला आठवड्यातून एक दिवस पुरे. चारशे मीटरचा चढ चार वेळा धावत चढायचा आणि चालत उतरायचा.

सुरुवातीला उभं कुठं राहताय तेही तपासा. नोंदणीत वेळ कमी सांगून पुढच्या गटात घुसण्यात काहीच हशील नाही. चिप तुमची वेळ रेषा ओलांडल्यापासून मोजते, त्यामुळे मागे उभं राहिल्याने काही बुडत नाही. पुढे उभं राहिल्यावर मात्र तुमच्यापेक्षा वेगवान लोक तुम्हाला ओढत नेतात.

सकाळी काय खाऊन धावावं? आम्ही शाकाहारी आहोत. आणि आठ किलोमीटर धावल्यावर संध्याकाळी ‘पाय’चा (सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थाचा) एक तुकडा जास्त खाल्ला तर चालतो ना? (डॅलस)

खाणं शर्यतीच्या दोन ते अडीच तास आधी. साधे पोहे एक वाटी चालतात, पण शेंगदाणे, खोबरं आणि जास्तीचं तेल त्या दिवशी नको; चरबी आणि तंतू पोटात रेंगाळतात आणि धावताना कळ येते. साबुदाण्याची खिचडी याच कारणाने बाद. ब्रेडचे दोन तुकडे, जॅम आणि केळं हे कंटाळवाणं पण खात्रीचं. रोज चहा-कॉफी घेत असाल तर त्या दिवशीही घ्या, शौचास जाण्याइतका वेळ ठेवून. शर्यतीच्या ठिकाणी फिरत्या शौचालयांची रांग अर्ध्या तासाची असू शकते. आठ किलोमीटरसाठी एनर्जी जेल (धावताना खायची साखरेची पुडी) वगैरे घ्यायची गरज नाही.

पायचं गणित असं : धावताना शरीराच्या प्रत्येक किलोमागे, प्रत्येक किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. ७० किलोचा माणूस आठ किलोमीटरला ५६० च्या आसपास. पेकन पायचा एक भरघोस तुकडा आणि वर आइस्क्रीम, एवढ्यात ते संपलं. खा, पण धावलो म्हणून खातोय असं म्हणू नका.

बाबांना (६४) मधुमेह आहे, पुण्याहून आले आहेत, आमच्याबरोबर ५ किलोमीटर चालायचं म्हणतात. सुनेने नको म्हटलंय.

सुनेची काळजी रास्त आहे, पण उत्तर औषधावर अवलंबून आहे. फक्त मेटफॉर्मिन असेल तर चालताना साखर फार खाली जाण्याचा धोका कमी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर तो खराखुरा असतो. मात्रेत त्या दिवशी बदल करायचा का, हे त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारा, सकाळी घाईत ठरवू नका. निघताना साखर तपासा. या औषधांवर असताना ती ९० च्या खाली आली तर आधी १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी. ग्लुकोजच्या चार गोळ्यांत साधारण तेवढी असते. गोळ्या बाबांच्या स्वतःच्या खिशात हव्यात, तुमच्या नव्हे, कारण गर्दीत चुकामूक होते. साखर मोजायचं यंत्र कोटाच्या आत ठेवा, गार पडलं की चूक दाखवतं किंवा चालतच नाही. चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप यापैकी काही झालं तर तिथंच थांबून स्वयंसेवकाला हाक मारायची.

बाकी, सर्वांत मागच्या गटात उभे राहा, दोघा-दोघांनी उजव्या कडेने चाला, पाच जणांची साखळी करू नका. ताशी साडेचार किलोमीटरने चालायला तासाहून थोडा जास्त वेळ लागेल. रस्ता वाहनांना कधी खुला होतो ते आधी वाचून ठेवा. पाहुण्यांच्या प्रवास-विम्यात क्रीडास्पर्धांतली दुखापत वगळलेली असू शकते, ते कलमही बघा.

सॅन होजेच्या शर्यतीत लोक टर्की, मक्याचं कणीस, काय काय होऊन धावतात. आम्ही सहा मैत्रिणी नऊवारी नेसून ५ किलोमीटर धावणार आहोत. काही सूचना?

टर्कीच्या फुगवलेल्या पोशाखापेक्षा नऊवारी कितीतरी सोयीची. कासोटा घातला की पाय मोकळे राहतात. साडी मात्र सुती इरकल नको, वजनाला जड होते आणि दवाने किंवा घामाने आणखी जड. हलकी सिंथेटिक, साधे काठ असलेली घ्या. आत घट्ट टाइट्स घाला, नाहीतर मांड्यांना काचून दुसऱ्या दिवशी बसवत नाही. काचण्याच्या जागी व्हॅसलिन लावा. काष्टा मागे खोचल्यावर दोन मोठ्या पिना आडव्या लावा, कमरेला लवचीक पट्टा बांधा आणि निऱ्या घोट्यापासून चार-पाच बोटं वर राहतील इतकं आखूड नेसा. पदर कमरेभोवती घेऊन खोचायचा, मोकळा सोडायचा नाही. शेजारच्या बाबागाडीच्या चाकात जातो. बिब पदराच्याही वर, समोर. नथ दाबाची असेल तर घाला, बांगड्या घरी ठेवा. पायात धावायचेच बूट.

आदल्या रविवारी सगळ्यांनी तसंच नेसून दोन किलोमीटर धावून बघा. जिचा कासोटा सुटतो ते त्याच दिवशी कळेल, आणि तिच्यासाठी चार जास्तीच्या पिना कुणाच्या तरी कमरेला लावून ठेवता येतील.