व्हेटरिनरीला जायचंय? आधी एवढं बघ

व्हेटरिनरीला कसं जायचं हे बारावीतच विचारलंस ते बरं केलंस. जनावरांचा डॉक्टर व्हायचं तर डिग्री एकच, बीव्हीएससी अँड एएच (पशुवैद्यकीय पदवी), इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. डिप्लोमावर पण दवाखाना टाकता येतो असं कोणी सांगेल, ऐकू नकोस, व्हेटरिनरी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन डिग्रीवाल्यालाच मिळतं.

पोरं चुकतात ते इथे:
- नीट देतात पण माफसूचा (नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ, ही कॉलेजं त्याचीच) वेगळा फॉर्म भरायचाच राहतो
- मुंबईचं परळचं कॉलेजच पाहिजे म्हणून अडून बसतात, अरे शिरवळ, उदगीर, परभणी पण लिहून ठेव ना
- डोक्यात फक्त कुत्री-मांजरं, अभ्यासात मात्र गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या सगळंच

आणि फॉर्म भरायच्या आधी एक सकाळ जनावरांच्या सरकारी दवाखान्यात उभा रहा, म्हशीची गाभण तपासणी करताना हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो, ते बघूनही हेच करावंसं वाटलं तर बिनधास्त ये.