रोमला पहिल्यांदा जाताय?

पहिल्याच दिवशी सगळं उरकायच्या मागे लागू नका, पायांचे तुकडे पडतील. कलोसियमच्या तिकिटातच फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटिन टेकडी येते. कलोसियमची वेळ मात्र आधीच ऑनलाइन ठरवून घ्या. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट असतात. म्हणूनच त्या दिवशी जाऊ नका! तिथे खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

माझं ऐकाल तर सान क्लेमेंते चुकवू नका. वर १२ व्या शतकातलं चर्च, जिना उतरलात की ४ थ्या शतकातलं, आणखी खाली रोमन इमारती आणि मिथ्र देवाचं ठाणं. तळाशी वाहत्या पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. पाऊस आला तर सरळ पँथिऑन हे प्राचीन रोमन देऊळ गाठा: घुमटाच्या भोकातून पाणी आत पडतं आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातं. रिकामी बाटली जवळ असू द्या, रस्त्यावरच्या नळांचं पाणी बिनधास्त प्या.